मोहेरच्या सुटाचा डावा पाय

मिस्टर क्वार्म्बी माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसत. दुकानाची घंटी वाजून कुणी आत आलं, की त्यांची नजर खांद्यांवर जायची, मग कॉलरच्या मागच्या बाजूला, मग पँटच्या टाचेवर. तोंडाची पाळी शेवटी. त्यांची बायको गेली तेव्हा चॅपेलचे पाद्री सांत्वनाला आले, तर यांचं पहिलं वाक्य, "डाव्या खांद्याला भरण कमी पडलंय. कुणी शिवला हो हा?"

हॉलिनबँकच्या स्टेशन रोडवर त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. मी तिथे बाविसाव्या वर्षी लागले आणि एकोणीस वर्षं पँटी शिवल्या. पुढे खिडकीपाशी माझी खुर्ची. मागे बिनखिडकीची खोली, तिथे त्यांचं बेतायचं टेबल, आरसा, आणि वर एक पिवळा बल्ब. कापड बेतायचं काम त्यांचं, शिवायचं माझं. त्यांच्या वडिलांची हातभर लांब कात्री भिंतीवरच्या खिळ्याला असे आणि तिला हात लावायची मला बंदी होती. मी एकदा तिनं दोरा कापला, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आमच्या खोऱ्यात कापडाच्या बाबतीत कुणाला फसवायची सोय नाही. प्रत्येक घरातलं एक तरी माणूस लोकरीच्या गिरणीत. नवा सूट घालून बाहेर पडलात, की चार पावलांवर कुणीतरी तुमची कॉलर चिमटीत धरून अंगठ्यानं चोळणार आणि सूत कुठलं, वीण कशी, हे तुम्हालाच सांगणार. 'कसा आहेस' हे त्यानंतर. अशा गावात शिंपीकाम करायचं म्हणजे रोज परीक्षेला बसायचं. मिस्टर क्वार्म्बी तेहतीस वर्षं बसले आणि एकदाही नापास झाले नव्हते.

त्यांचा खरा जीव जात्याच चकाकी असलेल्या कापडावर. त्यातही मोहेरवर. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीची लोकर. शेळ्या कुठे आफ्रिकेत चरतात, पण कापड व्हायचं आमच्या खोऱ्यात. विणायचं आम्ही आणि घालायचं लंडनच्या गवयांनी. गावात अंगावर कुणाच्या दिसत नसे. तरी एखादा नवरदेव धाडस करून तसलं कापड घेऊन आलाच, तर त्याला आधी प्रवचन.

"हे बघ, चकाकी दोन प्रकारची. एक तुझ्या बापाच्या पँटच्या बुडाला आहे ती, बाकावर बसून बसून आलेली. दुसरी ही, धाग्यातच आहे. हिला इस्त्री थेट लावलीस तर हिची ती होईल. ओलं फडकं घाल, वरून हलका हात. घडीवर जोर देऊ नको, मोहेर घडीवर तुटतं. एकदा घातलास की दोन दिवस टांगून ठेव, सुरकुत्या आपोआप निघून जातात."

"आणि टाय? माझ्याकडे एक सॅटिनचा..."

"जाळून टाक. चमकत्या सुटावर चमकता टाय घालून कुठे निघालास, सर्कशीत? टाय लोकरीचा, बिनचकाकीचा. शर्ट पांढरा, सुती. बूट काळे, पण आरशासारखे नकोत. बटणं शिंगाची. छातीवर रेशमी रुमाल नको. कापड बोलतंय ना, मग बाकीच्यांनी गप्प बसायचं."

"तुम्ही स्वतः का नाही हो घालत, मिस्टर क्वार्म्बी?"

"मी पाच फूट तीन इंच. मी चमकलो तर लोक मला बटण समजून टाचून टाकतील."

स्वतः ते जन्मभर एकाच काळ्या, मंद कापडाच्या सुटात राहिले. बुधवारी व्हिनेगर घालून ट्राइप, म्हणजे गाईचा कोठा, खायचे, त्या दिवशी कोट काढून आत ठेवायचे, वास लागू नये म्हणून.

हे सगळं मी प्रेमानं सांगते आहे असं वाटेल. आहेच प्रेमानं. पण मी त्यांचं काय केलं ते सांगायचं आहे, म्हणून आधी चांगलं सांगून घेतलं.

त्रेसष्ट साली विल्फ गार्साइड गिरणीतून निवृत्त झाला. मागांवरचा जॉबर होता. चव्वेचाळीस वर्षं मोहेरचे माग त्यानं चालते ठेवले. गिरणीनं त्याला सुटाचं कापड भेट दिलं, त्याच्याच मागांवरचं. उभा धागा गडद निळा, आडवा मोहेरचा, जांभळट. स्थिर असलं की निळं, हललं की त्यावरून जांभळी झाक सरकायची. विल्फ आणि मिस्टर क्वार्म्बी एका बाकावर शिकलेले. विल्फनं पुडकं टेबलावर ठेवलं.

"क्लिफर्ड, व्हिटच्या सोमवारी घालायचाय. निशाण माझ्याकडे आहे या वर्षी."

व्हिटचा सोमवार ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो, आमच्याकडे तो नव्या कपड्यांचा दिवस. चॅपेलची मिरवणूक निघते, पुढे बँड, त्यामागे दोन काठ्यांवर ताणलेलं रेशमी निशाण, त्यामागे गाव. निशाणाच्या काठीचा मान एकदाच मिळतो आणि अख्खा गाव रस्त्याच्या कडेला उभा असतो.

"तुझ्या या देहाला कापड पुरवायचं म्हणजे कसरत आहे रे," मिस्टर क्वार्म्बी म्हणाले.

"गिरणीनं माझा पोटघेर विचारला नाही, काय करू?"

त्याच आठवड्यात, शनिवारी, मी एक धाडस केलं. कापडाचा फिरता विक्रेता दुकानात बसला होता. मिस्टर क्वार्म्बी खुशीत दिसले म्हणून मी म्हणाले, "एखादं जाकीट मला बेतू द्या ना. एकच. बिघडवलं तर पुन्हा नाव काढणार नाही."

ते हसले नाहीत. बराच वेळ हातातला खडू फिरवत राहिले. मग म्हणाले, "आयव्ही, सुई तुझ्याइतकी चांगली या खोऱ्यात कुणाची चालत नाही. पण कात्रीला नजर पाहिजे. ते बाईचं काम नाही."

विक्रेता मात्र हसला. "उद्या म्हणाल बँडात ट्रॉम्बोन वाजवते!"

माझे कान तापले. एकोणीस वर्षं. त्यांनी बेतलेल्या कापडातली उणीव मी शिवणीत किती वेळा मुरवली होती, ते मलाच ठाऊक. मी मान खाली घातली आणि सुईत दोरा ओवला. मनात मात्र त्यांना काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मंगळवारी विल्फची पँट माझ्या हातात आली. धावदोरे घालायला मी ती खिडकीपाशी उचलून धरली आणि हात तिथेच थांबला. उजवा पाय निळा होता. डावा पाय जांभळा.

काय झालं ते मला लगेच कळलं. मोहेरला लव असते, डोळ्याला जेमतेम दिसणारी, एकाच दिशेला बसलेली. सगळे तुकडे त्या एकाच दिशेनं बेतायचे असतात, नाहीतर उजेड प्रत्येकावरून वेगळा परततो. विल्फच्या मापाला कापड अपुरं, म्हणून त्यांनी घडी आडवी घातली होती. आडवी घडी घातली की वरच्या थराची लव उलटी होते. मग घडीवर कापून वरचा थर फिरवून घ्यायचा, हे शिंप्याच्या पोरालाही ठाऊक असतं. ते फिरवायला विसरले होते. आणि पिवळ्या बल्बखाली दोन्ही पाय सारखेच दिसले होते.

अजून सहा दिवस हातात होते. गिरणीच्या गोदामात त्याच ताग्याचं कापड पडून होतं. डोरा हर्स्ट तिथे कापडातल्या चुका सुईनं सांधायची, माझी मैत्रीण. तिला एक शब्द टाकला असता तर बुधवारी कापड दारात आलं असतं. मला फक्त मागच्या खोलीत जाऊन म्हणायचं होतं, मिस्टर क्वार्म्बी, जरा खिडकीशी या.

मी गेले नाही. 'कात्रीला नजर पाहिजे ना,' मी मनात म्हणाले, 'मग बघू दे आता तुमची नजर गावाला.' आणि मी ती पँट शिवली. माझ्या हातून इतकी सुरेख पँट त्याआधी झाली नव्हती. हेही मला कबूल केलं पाहिजे, की शिवताना मी गुणगुणत होते.

गुरुवारी विल्फ ट्रायलला आला. मागच्या खोलीत, बल्बखाली. आरशासमोर तो मोठा देह उभा राहिला आणि एकदम बारीक आवाजात म्हणाला, "चव्वेचाळीस वर्षं हे कापड मी फक्त मागावर बघितलं रे. माणसावर कसं दिसतं ते आज कळलं."

मिस्टर क्वार्म्बींनी त्याची बाही खाली ओढली, मागे सरकले, डोळे बारीक केले. मग माझ्याकडे वळले. "आयव्ही, काय म्हणतेस? कसा दिसतोय?"

आजवर त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं.

"छान बसलाय," मी म्हणाले. बसला होताच. मी खोटं बोलले नाही, ही समजूत मी स्वतःची पुढे कितीतरी दिवस घालत होते.

व्हिटचा सोमवार लख्ख उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी हटकून पाऊस येतो, आणि खरं सांगते, मी ढगांची वाट बघत होते. माझा राग शुक्रवारीच उतरला होता. पण राग उतरला तरी तोंड उघडलं नाही, कारण आता तोंड उघडायचं म्हणजे मंगळवारी का नाही उघडलं तेही सांगायला लागलं असतं.

बँड आला. मागून निशाण. विल्फच्या खांद्यावरून चामडी पट्टा, दोन्ही हात काठीवर, वारा निशाणाला ओढतोय, आणि ऊन थेट समोरून. एक पाय पुढे पडला की निळा. दुसरा पडला की जांभळा. निळा, जांभळा, निळा, जांभळा, बँडच्या तालावर.

गिरणीच्या बायकांनी आधी पाहिलं. त्यांचं कामच चूक शोधायचं. डोरानं माझं कोपर दाबलं. "अगं बाई, आयव्ही! लव उलटी आहे!" मग ती कुजबूज रस्त्याच्या कडेनं मिरवणुकीच्या पुढे पळत गेली. विल्फ वळणावर पोचायच्या आधीच तिथली माणसं त्याच्या पायांकडे बघत होती. शेवटी कुणीतरी ओरडलंच.

"विल्फ! एक तंगडी उसनी आणलीस का रे?"

"विचार ना, दुसरी कुणाच्या घरी विसरला!"

हशा पिकला. विल्फनं खाली पाहिलं. त्याला तर सांगायलाच नको होतं, तो जन्मभर मोहेरमध्ये राहिलेला. त्याचा चेहरा कानापासून मानेपर्यंत लाल झाला. हात मोकळे असते तर टोपीनं झाकलं असतं काहीतरी. पण हात काठीवर होते. तो पुढे बघत चालत राहिला. मैलभराचा रस्ता, सहा ठिकाणी थांबून सहा स्तोत्रं. एकदाही त्यानं पट्टा दुसऱ्याकडे दिला नाही.

मिस्टर क्वार्म्बी चॅपेलच्या कठड्यापाशी उभे होते. निशाण जवळ आलं तशी माणसं त्यांच्यापासून जराशी बाजूला झाली. ते डोळ्यांवर हात धरून बघत होते आणि मला कळलं, की लोक कशाला हसतायत ते त्यांना अजूनही दिसत नाहीये. शेजारच्या माणसाला त्यांना विचारावं लागलं. त्यानं सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि हातात धरून तसेच उभे राहिले, बँड दिसेनासा झाला तरी.

मी डोराला म्हणाले, माझं डोकं दुखतंय, आणि घरी गेले. पलंगावर पालथी पडले आणि तोंडात उशी कोंबली. मला हवं होतं तसंच सगळं झालं होतं.

मंगळवारी सकाळी विल्फ सूट घेऊन दुकानात आला. पुडकं व्यवस्थित बांधलेलं.

"क्लिफर्ड, मी गिरणीत बोलतो. मागाचीच चूक असणार. त्या आठवड्यात सात नंबर जरा त्रास देत होता."

"मागाला दोष देऊ नकोस, विल्फ. तुझा माग कधी चुकला नाही."

"एखाद्या वेळी..."

"मी आडवी घडी घातली आणि थर फिरवला नाही. मी चुकलो. तुझा दिवस मी घालवला." ते टेबल धरून उभे होते. "कोट मात्र निर्दोष आहे. तो वाया घालवू नकोस. खाली करड्या फ्लॅनेलची पँट घाल. काळी नको, काळीनं कोट भडक दिसेल. करडी. ती मी बेतून देतो... म्हणजे, बेतून घेतो कुणाकडून तरी."

विल्फनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बाहेर पडला. घंटी वाजून थांबली. मग मिस्टर क्वार्म्बी माझ्याकडे वळले. आता मात्र ते सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आयव्ही, पँट तू शिवलीस. खिडकीत बसून. तुला दिसलं नाही?"

एवढाच प्रश्न. त्यात आरोप नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. आणि मी, एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली सरळ शिवण घालणारी बाई, म्हणाले, "नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही, मिस्टर क्वार्म्बी."

ते हळूच खुर्चीत बसले. "म्हणजे तुझंही तसंच," ते म्हणाले. "माझे डोळे दोन वर्षं झाली जातायत. दुधावर साय धरते तसं. व्हिट झालं की तुला सांगणार होतो. कात्री तुला द्यायची ठरवली होती मी. त्या दिवशी विक्रेत्यासमोर कसं सांगू, की बाई, आता तूच बेत, मला दिसत नाही? तो खोरंभर करून आला असता. म्हणून तोंडाला येईल ते बोललो. वाईट वाटलं ना तुला?"

मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, आठवत नाही.

"पण जिला मोहेरची लव दिसत नाही, तिच्या हातात कात्री कशी देऊ?" त्यांनी उठून ती खिळ्यावरून काढली, पात्यांना तेल लावलं, फडक्यात गुंडाळली. मला त्या क्षणी बोलता आलं असतं. मला दिसलं होतं, एवढंच. पण मग कात्री मिळण्याजोगी नजर आहे हे सिद्ध करायला माझं मन कसं आहे ते उघडं करावं लागलं असतं. मी पिनांचा डबा आवरत बसले.

ऑगस्टमध्ये दुकान बंद झालं. कात्री हडर्सफील्डच्या एका शिंप्याकडे गेली.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुटले असते. पण मिस्टर क्वार्म्बींना माझी काळजी लागली. माझेही डोळे जातायत, आणि तेही एक्केचाळिसाव्या वर्षी, असं त्यांनी धरून चाललं. डोरानं मला गिरणीत सांधकामाला बोलावलं, तर यांनीच तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला आग्रह करू नकोस गं, तिला जमणार नाही, आणि तोंडानं ती सांगणार नाही." मी नाही म्हणाले. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागले. तिथे सुद्धा ते एकदा येऊन सांगून गेले, हिला सुरी जरा बोथट द्या.

दर रविवारी ते चॅपेलच्या पायऱ्यांपाशी माझी वाट बघत. पाच पायऱ्या. माझं कोपर धरून म्हणत, "पायरी आहे हं, आयव्ही. आता दुसरी." त्यांना स्वतःला तेव्हा माणसंसुद्धा आवाजावरून ओळखायला लागायची. मी त्यांच्या हाताला हात देऊन चाचपडत चढायचे. चाचपडण्याचं नाटक करायचे, असं म्हणायला हवं. पाद्रींना सांगून त्यांनी माझ्यासाठी ठळक छापाचं स्तोत्रांचं पुस्तक मागवून घेतलं, पोळपाटाएवढं. ते माझ्या जागेवर ठेवलेलं असायचं. तीन वर्षं मी त्यातून गायले.

सहासष्ट साली त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दहा दिवस डोकं न हलवता पडून होते. जाड भिंगांचा चष्मा लावून परत आले आणि गावभर फिरून लोकांचे खांदे तपासत सुटले. "तुमचीही वेळ येईल," मला म्हणाले, "मी बोललोय डॉक्टरांशी." एकोणीस वर्षं मला अगं-तुगं करणारा माणूस कधीपासून मला 'तुम्ही' म्हणायला लागला होता, ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. आजारी माणसाला म्हणतात तसं.

व्हिटच्या आधी निशाणाची झालर उसवली. चॅपेलच्या मागच्या खोलीत आम्ही बायका ती टाचायला बसलो. संध्याकाळ होत आली होती, दिवा कुणी लावला नव्हता. डोरा करवादली, "हा काळा रेशमी दोरा सुईत जाईल तर शपथ!" मी तिच्या हातातून सुई घेतली आणि बोलता बोलता ओवून परत दिली. एका झटक्यात. सवय हो, दुसरं काय.

मान वर केली तर समोर मिस्टर क्वार्म्बी. चहाचा कप हातात. जाड भिंगांमागे डोळे मोठे दिसत होते. त्यांनी सुईकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. माझ्या तोंडावर त्यांना जे वाचायचं ते त्यांनी वाचलं असणार, कारण कप त्यांनी बशीत फार जपून ठेवला, आवाज न होऊ देता. मग उठले, टोपी घेतली आणि सगळ्यांना नमस्कार करून गेले. मलाही केला.

रविवारी मी पायऱ्यांपाशी गेले. ते आधीच आले होते. माझं कोपर आपोआप थोडं बाहेर आलं होतं. ते कठडा धरून एकटे वर चढले. पाचही पायऱ्या. वळून पाहिलं नाही.

मी त्यांच्यामागून आत गेले आणि माझ्या जागेवर बसले. ठळक छापाचं पुस्तक तिथे नव्हतं. त्या जागी सगळ्यांकडे असतं तसलं नेहमीचं लहान पुस्तक ठेवलं होतं, आणि त्या दिवशीच्या स्तोत्राच्या पानावर शिंप्याच्या खडूची एक बारीक, सरळ खूण होती. मी ते उघडलं. अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं.